दोघांत पाचशे रुपये, एक रविवार आणि मळवली स्थानक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी सव्वीस वर्षांची, चिंचवडला राहणारी, नोकरी करणारी. बारावीनंतर शिक्षणासाठी तिच्याकडे राहायला आलेला धाकटा भाऊ सतरा वर्षांचा. स्वतःची गाडी नाही, महिन्यातले दोन रविवार मोकळे असतात, एका सहलीचा दोघांचा मिळून खर्च पाचशे रुपयांपलीकडे जाऊ नये, आणि भाऊ सुट्टीचा सगळा दिवस मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. कुठे जावे, कसे जावे आणि त्याला तयार कसे करावे, असे तुम्ही विचारले आहे.

गेली अठ्ठावीस वर्षे मी लोकांना गटागटाने सह्याद्रीत फिरवून आणतो. पण या प्रश्नाचे उत्तर मला त्या कामातून मिळालेले नाही. माझी ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, आणि साधारण वीस वर्षे आम्ही दोघे महिन्यातला एक रविवार कुठेतरी भटकायला जातो. पुढे जे लिहीत आहे ते मुख्यतः त्या रविवारांच्या भरवशावर.

पुण्याजवळच्या पन्नास ठिकाणांची यादी तुम्हाला कोणीही देईल, आणि ती तुमच्या उपयोगाची नाही. तुम्हाला एक रेल्वे स्थानक पुरेसे आहे, आणि ते स्थानक मळवली. पुणे ते लोणावळा या लोकलवर लोणावळ्याच्या आधीचे, कामशेतनंतरचे हे छोटे स्थानक आहे. चिंचवडहून लोकलमध्ये बसलात की पाऊण-एक तासात उतरता, आणि एका माणसाचे एका बाजूचे तिकीट दहा-पंधरा रुपयांच्या वर जात नाही. स्थानकाच्या एका अंगाला भाजे लेणी आणि विसापूर व लोहगड हे किल्ले, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी ओलांडून कार्ले लेणी. म्हणजे निदान चार वेगळ्या सहली एकाच फलाटावरून सुरू होतात. लोणावळ्याला उतरणारी गर्दी इथे उतरत नाही, आणि ज्याला चालायची तयारी आहे त्याला रिक्षेचीही गरज लागत नाही.

एकाच स्थानकाचा आग्रह धरण्याचे कारण पैशांशीच जोडलेले आहे, पण वाटते तसे नाही. स्वस्त सहलीचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे ती अर्धवट सोडता येते. दीड-दोनशे रुपयांत निघालेली माणसे दुपारी बारा वाजता ‘आज पुरे’ म्हणून परत फिरू शकतात, कारण ‘एवढा खर्च केला, आता पाहूनच जाऊ’ हे ओझे त्यांच्या डोक्यावर नसते. मित्रांबरोबर हे ओझे खपून जाते, कारण मित्र एकमेकांशी जरा जपून वागतात. भावंडे तशी वागत नाहीत. उन्हाने डोके तापले की पंधरा वर्षांपूर्वीचा हिशेबही बाहेर निघतो. अशा वेळी परतीची वाट मोकळी असणे आणि ‘उरलेले पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणता येणे फार उपयोगी पडते.

हे मी चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, ताईला विसापूर दाखवायचा म्हणून मी भाड्याची जीप ठरवली होती. पायथ्याला पोहोचलो तेव्हा धुके इतके दाट होते की दहा पावलांवरचे झाड दिसत नव्हते. ताई म्हणाली, इथूनच परत जाऊ. जीपचे पैसे दिले आहेत, असे म्हणून मी तिला वर काढले. विसापूरची एक वाट ओढ्याच्या पात्रातून, ढासळलेल्या पायऱ्यांवरून जाते. पावसाळ्यात त्या वाटेवरून पाणी वाहत असते आणि धुक्यात वाट कोणती आणि ओढा कोणता हे कळत नाही. आम्ही दोन तास चुकलो, ताईच्या चपलेचा अंगठा तुटला, आणि शेवटी एका धनगराच्या झापापाशी बसून पाऊस ओसरण्याची वाट पाहावी लागली. गटाबरोबर असतो तर मी पायथ्यावरूनच सर्वांना परत फिरवले असते, यात मला शंका नाही. बहीण होती म्हणून मी ऐकले नाही. त्यानंतर आम्ही गाडी ठरवणे बंद केले, आणि दोघांपैकी कोणीही एकाने ‘परत’ म्हटले की कारण न विचारता परत फिरायचे हा नियम केला. तो आजवर चार-पाच वेळाच वापरावा लागला आहे.

आता प्रत्यक्ष सहलीकडे येतो. पहिल्या खेपेला फक्त भाजे करा. मळवलीला उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गावाचा रस्ता लागतो, आणि रमतगमत पाऊण तासात तुम्ही लेण्यांच्या पायऱ्यांशी पोहोचता. लेण्यांचे तिकीट भारतीयांना २५ रुपये आहे; पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते माफ असते, पण तुमचा भाऊ सतरा वर्षांचा असल्याने दोघांचे ५० रुपये धरा. ही २२ लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. त्यांतल्या मोठ्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, शिरलात की भावाला दोन गोष्टी शोधायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. पहिली म्हणजे छताच्या लाकडी कमानी: दगडाच्या छताला आधाराची काहीच गरज नसताना लाकडी बांधकामाची नक्कल म्हणून त्या बसवल्या आहेत, आणि इतकी शतके त्या तिथे टिकून आहेत. दुसरी म्हणजे खांब: ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित कलले आहेत. लाकडी घरात वरच्या भाराला तोलण्यासाठी खांब तिरके रोवत असत, आणि कारागिराने दगड कोरताना ती सवयही जशीच्या तशी उचलली. सतरा वर्षांच्या मुलाला इतिहास सांगायला गेलात तर तो जांभई देतो, पण ‘हा खांब वाकडा का?’ असे विचारून सोडून दिले तर तो स्वतःच हात लावून पाहायला पुढे सरसावतो. तिथे मात्र हात लावू नये, हे आधी सांगून ठेवा.

चैत्यगृहाच्या दक्षिणेला १४ दगडी स्तूपांचा एक गट आहे, काही कपारीच्या आत तर काही बाहेर. शेवटच्या विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या, व्हरांड्यात रथारूढ देवाचे आणि हत्तीवर स्वार झालेल्या देवाचे प्रसिद्ध शिल्प आहे. त्यांना बहुतेक अभ्यासक सूर्य आणि इंद्र मानतात. भाज्याची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारी तीननंतर ऊन आत उतरू लागते आणि सकाळी अंधारात दडलेली शिल्पे उजळतात. सकाळच्या गारव्यात चालायचे की दुपारच्या उजेडात लेणी पाहायची, हा तिथला खरा पेच आहे. आम्ही तो असा सोडवतो की सकाळी गावाच्या वरच्या रस्त्याने हवे तितके चालून येतो, झाडाखाली डबा खातो आणि उतरत्या उन्हात लेण्यांत जातो. लेणी सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, तेव्हा फार उशीर करू नये.

दुसरी खेप कार्ल्याची. मळवलीहून पायथा साधारण पाच किलोमीटर आहे आणि रस्ता डांबरी, रहदारीचा असल्याने चालण्यात भाज्यासारखी मजा नाही; एका बाजूने रिक्षा करावी. वर चढायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह आहे, लांबी सुमारे ४५ मीटर. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे बड्या व्यापाऱ्याने, हे जंबुद्वीपातले (भारतातले) उत्तम शैलगृह पूर्ण केले, असा शिलालेख तिथे आहे. जाहिरातीचा हा सूर दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे हे कळल्यावर ताई इतकी हसली होती की पहारेकऱ्याने आमच्याकडे वळून पाहिले. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. कोळी आणि आगरी समाजाची ही कुलदेवता, त्यामुळे चैत्रातली यात्रा, नवरात्र आणि एरवीचे रविवार इथे दर्शनाची मोठी रांग असते. दर्शनच घ्यायचे असेल तर त्या गर्दीत आनंदाने सामील व्हावे. लेणे शांतपणे पाहायचे असेल तर रविवार टाळावा किंवा तिकीटखिडकी उघडतानाच पोहोचावे.

लोहगड तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेला, पाय चालायला सरावल्यावर करा. मळवली ते लोहगडवाडी हे अंतर चालत दोन ते अडीच तासांचे आहे. भाजे गाव सोडल्यावर रस्ता चढत जातो आणि लोहगड व विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीत येतो. तिथून वाडीत आणि वाडीतून पायऱ्यांनी गडावर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक ओलांडावे लागतात. वळणावळणाने वर जाणारी ही वाट शत्रूला प्रत्येक वळणावर वरून टिपता यावे अशी बांधली आहे, आणि खालच्या दरवाज्यात उभे राहून वर पाहिले की ते सांगावे लागत नाही. गडावर नाना फडणवीसांनी बांधलेले सोळा कोनांचे तळे आहे, आणि पश्चिमेला विंचवाच्या नांगीसारखी लांब गेलेली विंचूकाट्याची माची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये लोहगड आहे. त्या बारांमध्ये लोकलने आणि पायी जाऊन एका दिवसात, दीडशे रुपयांत पाहून परत येता येईल असा पुणेकरांसाठी हा एकच आहे, असे मी बिनधास्त म्हणेन. विसापूर मात्र तुम्ही दोघांनी वाटाड्याशिवाय पावसाळ्यात करू नये. कारण वर दिलेच आहे.

हिशेब सांगतो. भाज्याच्या दिवशी लोकलची चार तिकिटे मिळून जास्तीत जास्त साठ रुपये, लेण्यांचे पन्नास, स्थानकाबाहेर दोन चहा आणि दोन पोहे साधारण ऐंशी. डबा घरून नेला की दोनशेच्या आत सगळे आटोपते. पाचशेतले उरलेले तीनशे खर्चायचे नाहीत. ते रिक्षेसाठी, अचानक लागलेल्या औषधासाठी, किंवा शेवटची लोकल चुकलीच तर एसटीसाठी एका वेगळ्या खिशात असू द्यावेत. लोहगडाच्या दिवशी मात्र वाडीतल्या एखाद्या घरी पिठले-भाकरी जरूर जेवा, आणि चढायला लागण्यापूर्वी किती माणसे आहेत ते सांगून जा, म्हणजे उतरताना गरम भाकरी मिळते. त्या दिवशी बजेट पुरते वापरले जाईल, पण ते पैसे ज्या गावाच्या वाटांवरून आपण चालतो त्या गावात राहतात.

डब्याबद्दल माझी ठाम मते आहेत. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी संध्याकाळपर्यंत उत्तम राहते. भात आणि नारळ घातलेली कोणतीही भाजी नेऊ नये. गूळ-शेंगदाणे, काकडी, मीठ लावलेली लिंबाची फोड, आणि माणशी दोन लिटर पाणी. चिप्सची पाकिटे तहान वाढवतात आणि माकडांना बोलावतात. एप्रिल-मे महिन्यांत वाटेवर करवंदे विकायला बसलेल्या बायका भेटतात. पानाच्या द्रोणातली करवंदे दहा-वीस रुपयांत घेऊन दोघांनी कोंबडा की कोंबडी हा लहानपणचा खेळ खेळावा. करवंद फोडल्यावर आत लाल निघाले तर कोंबडा. ताई अजूनही यात लबाडी करते.

लोकलबद्दल एक इशारा. या मार्गावर सकाळ-संध्याकाळ गाड्या बऱ्या असतात, पण भर दुपारी त्यांच्यात मोठे अंतर पडते, आणि रविवारी देखभालीच्या कामासाठी काही फेऱ्या रद्दही होतात. परतीच्या तीन गाड्यांच्या वेळा आदल्या रात्री पाहून कागदावर लिहून घ्या. खिंडीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. सकाळी सातच्या आत चिंचवड सोडणे हा या सहलींचा पाया आहे. नऊनंतर निघालात तर ऊन, गर्दी आणि चिडचिड या तिन्ही गोष्टी एकदम भेटतात.

पावसाळ्याचे वेगळे सांगावे लागते, कारण तुमच्यासारखी पहिल्यांदा बाहेर पडणारी माणसे पावसाळ्यातच जास्त निघतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणे स्वस्त, जवळची आणि रविवारची होती. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही वरच्या पावसाने काही मिनिटांत वाढते, आणि गढूळ पाण्यात पायाखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून आमचा नियम असा की जून ते सप्टेंबर वाहत्या पाण्यात घोट्याच्या वर पाय घालायचा नाही आणि जिथे शंभर माणसे उभी आहेत त्या पुलावर एकशे एकावे व्हायचे नाही. ज्याला हिरवाई पाहायची आहे त्याने सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ निवडावा; पाऊस ओसरलेला असतो आणि लोहगडाचे उतार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलेले असतात.

दुसरा धोका कोरड्या दिवसांतला आहे, तो आग्या मधमाश्यांचा. लेण्यांच्या कपारींत आणि गडांच्या कड्यांवर त्यांची मोठी पोळी असतात. धूर, आरडाओरडा, फेकलेला दगड आणि उग्र अत्तर यांनी त्या चवताळतात. सतरा वर्षांच्या मुलाला डोंगरात ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह होतो, त्यामुळे हे त्याला घरीच सांगा, तिथे जाऊन नव्हे.

मळवलीची चार ठिकाणे झाली की मग दुसऱ्या दिशा धराव्यात. सासवड मला फार आवडते: कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावरचे संगमेश्वराचे देऊळ, थोड्या अंतरावरचे चांगवटेश्वर, आणि सोपानदेवांची समाधी, सगळे पायी होते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे बहीण-भावाच्या जोडीला एसटी दीड तिकिटात पडते. आमच्या घरी यावरून ‘मी तुझ्या निम्म्या किमतीची’ असे ताई मला दर वेळी ऐकवते. सिंहगड पीएमपीच्या बसने पायथ्यापर्यंत आणि पुढे पायी, हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. रविवारी मात्र तिथे इतकी गर्दी असते की मी आठवड्याच्या मधल्या सुट्टीलाच जातो. भिगवणचे रोहित पक्षी हिवाळ्यात पाहण्यासारखे आहेत, पण होडीचे भाडे दोघांत जड जाते. चार-पाच जण जमतील तेव्हाच तो बेत करावा. आणि ज्या रविवारी कंटाळा आलेला असेल त्या दिवशी पहाटे वेताळ टेकडी: शहरातला सर्वांत उंच माथा, मोरांचा आवाज, खर्च बसच्या तिकिटाएवढाच.

राहता राहिला भाऊ. तुम्ही त्याला ‘घेऊन’ जाऊ नका, ही माझी पहिली सूचना. घरी तुम्ही त्याच्या पालक झालेल्या आहात. जेवण, अभ्यास, फी सगळे तुमच्याकडून चालते, आणि सहलीतही टोपी घाल, पाणी पी, कडेला जाऊ नको हेच सुरू राहिले तर त्याला घर आणि डोंगर यांत फरक वाटणार नाही. एक सहल तुम्ही ठरवा, पुढची त्याने ठरवावी, आणि त्याने ठरवलेली कितीही वेडीवाकडी निघाली तरी तक्रार न करता जावे. त्या दिवशीचे पैसे, वेळापत्रकाचा कागद आणि नकाशा ज्याची पाळी त्याच्याकडे. मोबाइल हिसकावू नका. नकाशा बघायला त्याच्याच मोबाइलची गरज आहे हे त्याला कळू द्या. मी हे सारे ताईकडून शिकलो आहे. मी एकोणीस वर्षांचा असताना तिने पगारातले शंभर रुपये माझ्या हातात ठेवले आणि म्हटले होते, आज कुठे जायचे ते तू ठरव, मी मागून येते. मी तिला स्वारगेटवर चुकीच्या एसटीत बसवले होते. ती जेजुरीपर्यंत काही बोलली नाही.

आणि चालताना बोलण्याची घाई करू नये. आमचा अनुभव असा की जाताना कोणी विशेष बोलत नाही. मनातल्या गोष्टी परतीच्या लोकलमध्ये, पाय दमलेले असताना आणि दोघेही एकमेकांकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत असताना निघतात. बहुधा कामशेत आणि वडगावच्या दरम्यान. त्यामुळे परतीच्या गाडीत जागा मिळणे महत्त्वाचे आहे. लोणावळ्याहून येणारी गाडी रविवारी संध्याकाळी भरून येते, म्हणून पाच वाजण्यापूर्वीची लोकल पकडावी, आणि मळवलीच्या फलाटावर पुढच्या किंवा मागच्या टोकाच्या डब्यापाशी उभे राहावे. मधल्या डब्यांत उभे राहूनच चिंचवड गाठावे लागते.